शाळेतील समुपदेशक वर्षभराच्या सरावातून घडावा: राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. संचालक,
राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद, महाराष्ट्र, पुणे.

विषय: माध्यमिक शाळांतील शिक्षक-समुपदेशकांना व्यवसाय मार्गदर्शनाचे दीर्घ आणि देखरेखीखालील प्रशिक्षण देण्याबाबत.

महोदय,

दहावीचा निकाल लागल्यापासून अकरावी, तंत्रनिकेतन किंवा आयटीआयच्या प्रवेशअर्जाची मुदत संपेपर्यंत जे थोडे दिवस मिळतात, त्यांत दरवर्षी राज्यातील लाखो मुले-मुली आपल्या पुढच्या शिक्षणाची दिशा ठरवतात. त्या दिवसांत त्यांच्याशी कोण बोलते, हे एखाद्या तालुक्याच्या गावी जाऊन पाहण्यासारखे असते. गुणपत्रिका हाती आली की मूल आधी नेट कॅफेत जाते आणि तिथे अर्ज भरून देणारा तरुणच महाविद्यालयांचा पसंतीक्रम सुचवतो. चौकात खासगी क्लासचे फलक झळकत असतात, पुण्यात नोकरीला असलेला मामा फोनवरून सल्ला देत असतो, आणि ज्या शाळेने या मुलाला वर्षानुवर्षे जवळून पाहिले ती शाळा सोडल्याचा दाखला देऊन मोकळी झालेली असते. नेट कॅफेतल्या त्या तरुणाविषयी माझी तक्रार नाही. अर्जातल्या खाचाखोचा त्याला आमच्यापेक्षा जास्त कळतात. तक्रार आहे ती शाळेच्या गैरहजेरीविषयी.

मी एका अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवतो आणि समुपदेशनाची जबाबदारीही माझ्याकडे आहे. आपल्या परिषदेकडे माझी मागणी एकच आहे. व्यवसाय मार्गदर्शनाच्या एक-दोन दिवसांच्या कार्यशाळा आणि प्रमाणपत्र देऊन संपणारे ऑनलाइन घटक यांवर शक्ती खर्च करण्याऐवजी परिषदेने निवडक शिक्षकांसाठी मराठीतून वर्षभराचा, प्रत्यक्ष सरावाचा अभ्यासक्रम सुरू करावा, आणि तो पूर्ण करणाऱ्यांना या कामासाठी वेळापत्रकात तासिका मिळतील अशी व्यवस्था शासनाकडून करून घ्यावी.

ही कल्पना जुनीच आहे. 1952-53 च्या मुदलियार आयोगाने माध्यमिक शाळांसाठी मार्गदर्शन अधिकारी आणि करिअर मास्टर (व्यवसायांची माहिती देणारा शिक्षक) यांची शिफारस केली होती. कोठारी आयोगाने (1964-66) किमान मार्गदर्शन कार्यक्रम सुचवताना दहा शाळांच्या गटामागे एक फिरता समुपदेशक असावा, असे म्हटले होते. मुंबई सरकार तर आयोगांच्याही पुढे होते. त्याने 1950 मध्येच व्यवसाय मार्गदर्शनासाठी स्वतंत्र कार्यालय सुरू केले आणि त्यातून पुढे व्यवसाय मार्गदर्शन व निवड संस्था उभी राहिली. 1962 मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या ज्ञानप्रबोधिनीने मराठी मुलांसाठी मानसशास्त्रीय कसोट्यांचे मोठे काम केले. इतकी परंपरा असलेल्या राज्यात आजही बहुतेक शाळांत ‘करिअर मार्गदर्शन’ म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतले एका पाहुण्याचे दोन तासांचे भाषण असावे, याचे कारण कल्पनांच्या अभावात शोधून सापडणार नाही. मार्गदर्शन करणारा माणूस तयार करण्याचे काम आपण दरवेळी अर्ध्यावर सोडले.

कलचाचणीचा अनुभव याच दृष्टीने तपासावा, अशी विनंती आहे. 2016 पासून काही वर्षे राज्य मंडळाच्या दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी घेतली गेली. एका अर्थाने तो मोलाचा उपक्रम होता, कारण ‘तुला काय आवडते’ हा प्रश्न शासनाने प्रथमच राज्यातल्या प्रत्येक वाडी-वस्तीवरच्या दहावीतल्या मुलाला विचारला. परंतु चाचणी घेण्यासाठी शिक्षकांना जी तयारी करून दिली गेली, ती मुख्यतः संगणक, लॉग-इन आणि वेळापत्रक यांची होती. अहवाल आला, मुलांनी तो घरी नेला, आणि त्यातल्या क्षेत्रांच्या नावांचा त्यांच्या आयुष्याशी काय संबंध हे सांगायला बहुतेक ठिकाणी कोणी नव्हते. कल म्हणजे आवड. क्षमता ही वेगळी गोष्ट आहे, तिच्यासाठी अभिक्षमता कसोटी लागते, आणि दोन्ही मिळूनही पंधराव्या वर्षी मिळणारे चित्र कच्चेच असते. शिवाय जे काम मुलाने कधी पाहिलेच नाही, त्याची आवड त्याच्या उत्तरांत उमटणार तरी कशी? एवढ्या साध्या गोष्टी चाचणीचा अहवाल हाताळणाऱ्या शिक्षकाला माहीत असायला हव्या होत्या. त्या माहीत नसल्यामुळे काही घरांत अहवाल कपाटात गेला आणि काही घरांत तो ब्रह्मवाक्य ठरला. यांपैकी दुसरे अधिक घातक.

एक उदाहरण घेतो. समजा, एका मुलीच्या अहवालात ‘गणवेशधारी सेवा’ हे क्षेत्र वर आले आहे. यापुढे तिच्याशी बोलणाऱ्या शिक्षकाला काय माहीत असले पाहिजे? 2021 पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची परीक्षा मुलींनाही देता येते. भूदलासाठी बारावीची कोणतीही शाखा चालते, पण नौदल आणि हवाई दलासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. म्हणजे अकरावीत तिने गणित सोडले तर हे दोन दरवाजे त्याच दिवशी बंद होतात. छत्रपती संभाजीनगर येथील सैनिकी सेवापूर्व प्रशिक्षण संस्था 1977 पासून मुलांना याची तयारी करून देते आणि मुलींसाठी नाशिकला तशी संस्था निघाली आहे. तिथल्या प्रवेशाची परीक्षा दहावीच्या निकालाआधीच होते, त्यामुळे ही माहिती नववीत मिळाली तरच उपयोगाची. रंगांधळेपणा असेल तर गणवेशातल्या आणि रेल्वेतल्या कितीतरी जागा हातून जातात, आणि तो तपासायला एक साधी चाचणी पुरते. यांतले काहीही गूढ नाही, पण हे सगळे एकत्र माहीत असलेला माणूस शाळेत सापडणे कठीण, आणि असलाच तरी तो बहुधा स्वतःच्या हौसेने शिकलेला असतो.

म्हणून मार्गांची माहिती हा प्रशिक्षणाचा पहिला मोठा भाग व्हावा, आणि ती विषयांच्या याद्यांच्या रूपात न देता एका टप्प्यावरून दुसऱ्या टप्प्यावर कसे जाता येते, या रूपात द्यावी. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेला मुलगा तंत्रनिकेतनात पदविकेच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाऊ शकतो, आणि पदविका झाल्यावर अभियांत्रिकी पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला. वीजतंत्री किंवा जोडारी (फिटर) होण्यासाठी निघालेल्या मुलासमोर अभियंता होण्याची वाट उघडी असते, हे त्याच्या वडिलांना सांगितले की आयटीआयविषयीचा घरातला सूर बदलतो. त्याबरोबर कागदपत्रांचे ज्ञान हवे. जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज अकरावी-बारावीतच करावा लागतो, नॉन-क्रिमीलेअर प्रमाणपत्राची मुदत पाहावी लागते. आणि गुणवत्ता यादीत नाव असूनही एका कागदापायी जागा गमावणारी मुले आम्ही दरवर्षी पाहतो. वार्षिक 8 लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क 2024 पासून शासन पूर्ण माफ करते. ही एक ओळ योग्य वेळी आईच्या कानावर गेली तर मुलीच्या लग्नाची बोलणी दोन-चार वर्षे लांबणीवर पडू शकतात. उच्चभ्रू शाळांतल्या करिअर समुपदेशनाच्या अभ्यासक्रमात जात वैधतेचे प्रकरण कदाचित नसेल. आपल्या अभ्यासक्रमात ते असलेच पाहिजे.

माहिती मात्र पोर्टलवरही मिळते. शासनाने 2020 मध्ये महाकरिअर पोर्टल सुरू केले, त्यावर अभ्यासक्रम, संस्था, शिष्यवृत्त्या यांची भरपूर माहिती होती. प्रशिक्षित माणसाची खरी गरज लागते ती माहितीच्या पुढच्या टप्प्यावर, घरातल्या माणसांशी बोलताना.

आपल्याकडे करिअरचा निर्णय एकटे मूल घेत नाही. तो घर घेते, आणि घराच्या निर्णयामागे कारणे असतात. मुलाने सायन्सच घ्यावे असा हट्ट धरणाऱ्या वडिलांना शिक्षक सहज अडाणी ठरवतो. पण त्यांनी कर्ज काढून मोठ्या मुलाला कला शाखेची पदवी दिलेली असते आणि तो आज घरी बसलेला असतो, हे विचारल्याशिवाय कळत नाही. अशा वेळी शिक्षकाने मुलाची बाजू घेऊन वडिलांशी वाद घालणे किंवा वडिलांचे ऐकून मुलाची समजूत काढणे, दोन्ही चुकीचे. दोघांचे म्हणणे त्यांना एकमेकांसमोर मांडता येईल अशी बैठक घडवणे, मधे गप्प राहणे, आणि निर्णय पुढच्या बैठकीवर ढकलण्याचे धैर्य दाखवणे, हे कौशल्य भाषण ऐकून येत नाही. ते करून पाहावे लागते, कुणीतरी ते पाहावे लागते, आणि नंतर त्याने ‘इथे तू घाई केलीस’ असे सांगावे लागते. आम्हा शिक्षकांची सगळी सवय उत्तर देण्याची आहे. वर्गात शांतता पसरली की आम्हाला काहीतरी बिघडले असे वाटते. समुपदेशकाला ती शांतता सोसायला शिकवणे हे प्रशिक्षकासमोरचे सर्वात अवघड काम असावे, असे मला वाटते.

याहून अवघड, आणि आजवरच्या प्रशिक्षणांनी जवळजवळ पूर्ण टाळलेली गोष्ट म्हणजे शिक्षकाच्या स्वतःच्या समजुती. हुशार मुलाने सायन्स घ्यायचे, मधल्याने कॉमर्स, उरलेल्यांनी आर्ट्स, आणि जो नापास होता होता वाचला त्याने आयटीआय, ही उतरंड शिक्षकांच्या खोलीत सहज बोलली जाते. मुलीला ‘तुला डी.एड. बरे’ असे सुचवताना आपण तिच्या गुणांकडे पाहतो की तिच्या मुलगी असण्याकडे? सुतारकाम, चामड्याचे काम किंवा वाजंत्रीचा पिढीजात व्यवसाय असलेल्या घरातल्या मुलाच्या हातात कौशल्य दिसले, तर त्याला त्याच कामाकडे वळवणे हे कलाला धरून झाले की जातीला धरून? या प्रश्नाला एकच ठरलेले उत्तर नाही. काही मुलांना घरचे कसब आधुनिक रूपात पुढे न्यायचे असते, काहींना त्यापासून दूर जायचे असते, आणि दोन्ही इच्छा सन्मानाच्या आहेत. परंतु ज्या देशात व्यवसाय जन्माने ठरवला जात होता, तिथे व्यवसाय मार्गदर्शकाने हा प्रश्न स्वतःला विचारलाच नाही तर तो नकळत त्या जुन्याच व्यवस्थेची चाकरी करत राहील. बेंगळुरूचे मानसशास्त्रज्ञ गिडिअन अरुळमणी यांनी भारतीय मुलांच्या आणि कुटुंबांच्या व्यवसायविषयक समजुतींवर दीर्घकाळ काम केले आहे. ‘आपल्यासारख्यांना हे जमायचे नाही’ हे वाक्य मुलाच्या मनात किती लवकर आणि किती खोल बसते, हे शिक्षकाने आधी समजून घेतले पाहिजे. कधी कधी ते बसवणारे आपणच असतो.

कामाच्या जगाची ओळख हा भाग मी थोडक्यात मांडतो. केंद्र सरकारच्या 2015 च्या राष्ट्रीय व्यवसाय वर्गीकरणात सुमारे 3600 व्यवसायांची नोंद आहे. आमच्या मुलांना विचारले तर डॉक्टर, इंजिनिअर, पोलीस, सैन्य, शिक्षक आणि अलीकडे यूट्यूबर इथे यादी संपते. प्रशिक्षणात प्रत्येक शिक्षकाने आपल्या परिसरातील निरनिराळी कामे करणाऱ्या माणसांच्या मुलाखती घेऊन त्यांची नोंदवही तयार करावी. इचलकरंजीच्या मुलाला यंत्रमाग जन्मापासून माहीत असतो, पण आपल्याच गावात वस्त्रोद्योग अभियांत्रिकी शिकवली जाते हे त्याच्या डोक्यात येतेच असे नाही. नाशिकच्या द्राक्षबागेतल्या मुलीला निर्यातीच्या मालाची गुणवत्ता तपासणारी प्रयोगशाळा कोणी दाखवलेली नसते. नव्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी सुचवलेले दप्तराविना दहा दिवस अशा नोंदवहीच्या आधारे सार्थकी लागू शकतील.

आता अभ्यासक्रमाच्या रचनेविषयी. एनसीईआरटीचा मार्गदर्शन व समुपदेशनाचा पदविका अभ्यासक्रम डोळ्यांसमोर आहे. तो एक वर्षाचा आहे: सहा महिने दूरस्थ अभ्यास, तीन महिने प्रत्यक्ष वर्ग आणि तीन महिने आपापल्या गावी अंतर्वासिता. महाराष्ट्र ज्या प्रादेशिक शिक्षण संस्थेच्या कार्यक्षेत्रात येतो ती भोपाळला आहे. अभ्यासक्रम चांगला आहे, पण गडचिरोलीच्या किंवा सिंधुदुर्गच्या शिक्षकाने, त्यातही शिक्षिकेने, घरदार आणि वर्ग सोडून तीन महिने भोपाळला राहावे ही अपेक्षा फार थोड्यांकडून पुरी होईल. तेव्हा याच सांगाड्यावर राज्याचा मराठी अभ्यासक्रम तयार व्हावा, त्यातील प्रत्यक्ष वर्ग जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांमध्ये दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत विभागून घ्यावेत, आणि उरलेले वर्ष शिक्षकाने आपल्याच शाळेत ठरावीक संख्येने वैयक्तिक सत्रे, गटसत्रे आणि पालकबैठका घेऊन त्यांची टिपणे पर्यवेक्षकासमोर ठेवावीत. मूल्यमापनात लेखी परीक्षेपेक्षा या टिपणांना आणि पर्यवेक्षकाने पाहिलेल्या सत्रांना अधिक वजन असावे. मुलांची नावे त्या टिपणांत येऊ नयेत, ही गोपनीयतेची पहिली शिकवणही त्यातूनच मिळेल.

पर्यवेक्षक कुठून आणायचे, हा आक्षेप रास्त आहे. विद्यापीठांचे मानसशास्त्र विभाग, जिल्ह्यातले अनुभवी समुपदेशक आणि व्यवसाय मार्गदर्शन संस्थेत काम केलेले निवृत्त अधिकारी मिळूनही एकदम हजारो शिक्षकांना पुरे पडणार नाहीत. म्हणून पहिली तुकडी लहान ठेवावी. एका झटक्यात सगळ्या शाळांत ‘प्रशिक्षित समुपदेशक’ दाखवण्याचा मोह आवरावा. तसा आकडा यू-डायसच्या (शाळांची माहिती नोंदवणाऱ्या सरकारी प्रणालीच्या) रकान्यात शोभून दिसतो आणि शाळेत काहीच बदलत नाही.

यासोबत तीन व्यवस्था हव्यात, नाहीतर प्रशिक्षण वाया जाईल. सर्वात आधी वेळ. आज समुपदेशनाची जबाबदारी असलेल्या शिक्षकाचा एकही तास कमी होत नाही. निवडणूक, सर्वेक्षण आणि ऑनलाइन माहिती भरणे यांतून उरलेल्या मधल्या सुट्टीत तो मुलाशी बोलतो. संच मान्यतेच्या, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळावेत हे ठरवणाऱ्या, निकषांत या कामाच्या तासिका धरल्या गेल्याशिवाय मुख्याध्यापकांची इच्छा असूनही काही होणार नाही. लहान शाळांसाठी कोठारी आयोगाचा दहा शाळांचा गट आजही सर्वात व्यवहार्य आहे, आणि नव्या धोरणातील शाळा संकुलांची (जवळच्या शाळांच्या गटांची) कल्पना त्याच्याशी जुळते. दुसरी व्यवस्था प्रोत्साहनाची. सेवेच्या 12 आणि 24 वर्षांनंतर शिक्षकांना वरिष्ठ व निवड श्रेणीसाठी जे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्याला हा वर्षभराचा अभ्यासक्रम समकक्ष मानावा. त्यासाठी वेगळा पैसा लागत नाही.

तिसरी व्यवस्था आचारसंहितेची, आणि तिच्याविषयी स्पष्ट लिहिणे भाग आहे. निकालाच्या दिवसांत खासगी क्लासचे आणि महाविद्यालयांचे प्रतिनिधी शाळांमध्ये येतात. मुलांच्या फोन क्रमांकांच्या याद्या मागितल्या जातात, ‘मार्गदर्शन शिबिर’ प्रायोजित करण्याची तयारी दाखवली जाते, आणि प्रवेशामागे काही देण्याची भाषाही होते. शाळेचा समुपदेशक प्रशिक्षित झाला की त्याच्या शब्दाला वजन येईल, म्हणजेच तो विकत घेण्याजोगा होईल. प्रमाणपत्र देताना प्रत्येकाकडून लेखी हमी घ्यावी की तो कोणत्याही क्लास वा संस्थेकडून मानधन, भेट किंवा प्रवेशामागे मोबदला घेणार नाही आणि विद्यार्थ्यांची माहिती देणार नाही. हमी मोडल्यास प्रमाणपत्र रद्द व्हावे. हा मुद्दा अभ्यासक्रमाच्या शेवटच्या दिवशी अर्ध्या तासात उरकण्याचा नाही.

हे पत्र आत्ताच लिहिण्यामागे एक निमित्त आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक तत्त्वे दिली आणि शंभर किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांत किमान एक पात्र समुपदेशक असावा, असे म्हटले. शाळा आता समुपदेशक नेमतील, निदान कागदावर तरी. अशा घाईत मानसिक आरोग्य आणि व्यवसाय मार्गदर्शन ही दोन वेगळ्या खात्यांची कामे समजली जाण्याचा धोका मला दिसतो. प्रत्यक्षात शाळेतल्या खोलीत ती वेगळी येत नाहीत. झोप लागत नाही म्हणून आलेला बारावीचा मुलगा तिसऱ्या वाक्याला नीटचे गुण सांगतो. ‘कोणती शाखा घेऊ’ असे विचारायला आलेली मुलगी थोड्या वेळाने घरी चाललेल्या लग्नाच्या बोलण्यांविषयी बोलते. नव्याने नेमल्या जाणाऱ्या समुपदेशकाला यांपैकी एकच भाग शिकवला गेला, तर दुसऱ्या भागासाठी तो मुलाला पुन्हा चौकातल्या फलकाकडेच पाठवेल.

पहिली तुकडी निवडताना जिल्ह्यांचा क्रम कसा लावावा, याविषयी एक सूचना करून थांबतो. पुणे-मुंबईतल्या शाळांना खासगी समुपदेशक मिळतात. त्यांना दोन वर्षे उशीर झाला तरी चालेल. सुरुवात ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांच्या बीडपासून आणि आश्रमशाळांच्या नंदुरबार-गडचिरोलीपासून करावी, आणि तिथे लक्ष्य दहावी न ठेवता आठवी ठेवावे, कारण त्या भागांतली बरीच मुले दहावीच्या वर्गापर्यंत आपली वाट पाहत थांबत नाहीत. आश्रमशाळा आदिवासी विकास विभागाकडे आहेत, त्यामुळे त्या विभागाला पहिल्या बैठकीपासून सोबत घ्यावे लागेल. अभ्यासक्रमाचा मसुदा तयार करताना प्रत्यक्ष काम करणाऱ्या शिक्षक-समुपदेशकांची गरज भासल्यास माझ्यासारखे अनेक जण रजा टाकून पुण्याला यायला तयार आहेत. मसुदा पाठ्यघटकांच्या पातळीवर असतानाच तो आम्हाला वाचायला मिळावा, एवढीच विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक शिक्षक-समुपदेशक